स्क्रीन शेअर केली, पण समोरच्यांना दिसत नाही

दर शनिवारी संध्याकाळी आमचा मोडी लिपीचा ऑनलाइन वर्ग भरतो. शिकवणारे सर साताऱ्याहून बोलतात, शिकणारे पुणे, नागपूर आणि म्हापशाहून येतात, आणि दोघी जणी न्यू जर्सीहून, जिथे तेव्हा शनिवारची सकाळ असते. या वर्गात फळा नाही. जुन्या कागदाचे स्कॅन केलेले चित्र सर आपल्या लॅपटॉपवर उघडतात, स्क्रीन शेअर करतात आणि शिरोरेषेखाली माउसचा बाण सरकवत एकेक अक्षर वाचून दाखवतात. स्क्रीन शेअर झाली नाही तर त्या दिवशी वर्गच होत नाही. तांत्रिक बाजू माझ्याकडे असल्यामुळे गेल्या पावसाळ्यात सलग चार शनिवार मी एकच संवाद ऐकला. "सर, आम्हाला सगळं काळं दिसतंय," असे शिकणारे सांगत, आणि "माझ्याकडे तर व्यवस्थित आहे," असे सर उत्तर देत.

प्रत्येक वेळी आम्ही तेच करत असू: शेअरिंग थांबवून पुन्हा सुरू करणे, बैठकीतून बाहेर पडून परत येणे, आणि शेवटी लॅपटॉप बंद करून चालू करणे. यातल्या कशाने तरी चित्र दिसू लागे, वर्ग पुढे जाई आणि अडचण मिटली असे आम्ही धरून चालत असू. पुढच्या शनिवारी ती पुन्हा हजर होई. बंद-चालू केल्याने चित्र परत आले एवढेच कळते. ते मुळात का गेले होते हे कळत नाही, आणि ते कळेपर्यंत अडचण जात नाही. कारण शोधण्यासाठी मी नंतर जी पद्धत धरली आणि तिच्यातून जी कारणे सापडली, ती येथे सविस्तर देत आहे. वर्ग, सोसायटीची सभा, कार्यालयाची बैठक किंवा मुलाखत यांपैकी काहीही असो, अडचणीचे मूळ बहुधा याच कारणांपैकी एखाद्यात असते.

आधी स्वतः प्रेक्षक व्हा

स्क्रीन शेअर करणाऱ्याला आपल्या पडद्यावर जे दिसते त्यावरून समोर काय पोहोचले याचा काहीही अंदाज बांधता येत नाही. त्याला मूळ चित्र दिसत असते, तर इतरांना त्याची प्रत दिसते. म्हणून कोणताही उपाय करण्याआधी आपल्याच मोबाइलवरून त्याच बैठकीत दुसऱ्या नावाने सहभागी व्हावे. मोबाइलचा मायक्रोफोन बंद ठेवावा आणि आवाजही पूर्ण कमी करावा, नाहीतर आवाज घुमू लागतो. शक्य असल्यास मोबाइल घरच्या वायफायवर न ठेवता मोबाइल डेटावर ठेवावा, म्हणजे आपले चित्र खरोखर घराबाहेर जाऊन परत आलेले दिसते. या एका सवयीमुळे "दिसतंय का?" हा प्रश्न दर दोन मिनिटांनी विचारण्याची गरज उरत नाही.

मोबाइलवर नेमके काय दिसते यावरून दोष कुठे आहे ते बरेचसे कळते. एखाद्या प्रोग्रामने काढलेले चित्र संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम पडद्यावर मांडते, त्या चित्राची प्रत बैठकीचे ॲप परवानगी घेऊन उचलते, ती दाबून लहान करते, इंटरनेटवरून वर पाठवते, आणि शेवटी पाहणाऱ्याचे यंत्र ती उलगडून दाखवते. या वाटेवर जिथे खंड पडतो त्याप्रमाणे लक्षण बदलते. शेअरचे बटणच काम करत नसेल तर प्रश्न बैठकीतील अधिकाराचा आहे. पूर्ण काळे किंवा नुसते वॉलपेपर दिसत असेल तर प्रत उचलतानाच अडथळा आला आहे. चित्र दिसते पण धूसर आहे किंवा अडखळते, तर जोडणीकडे आणि चित्राच्या आकाराकडे पाहावे. चित्र स्वच्छ आहे पण भलतेच आहे, तर निवड चुकली आहे. आणि मोबाइलवर सर्व ठीक दिसत असूनही एकाच व्यक्तीची तक्रार असेल, तर दोष त्या व्यक्तीच्या बाजूला आहे. आपल्या यंत्रात हात घालण्याचे कारण नाही.

काळा पडदा

सरांच्या लॅपटॉपचे कारण चौथ्या शनिवारनंतर सापडले. त्या लॅपटॉपमध्ये चित्र काढणाऱ्या दोन चिप आहेत: एक प्रोसेसरमध्येच असलेली, कमी वीज खाणारी, दुसरी स्वतंत्र, जास्त ताकदीची. अशा दुहेरी व्यवस्थेत कोणते काम कोणत्या चिपने करावे हे संगणक स्वतः ठरवतो. चित्र एका चिपवर तयार होत असेल आणि बैठकीचे ॲप दुसऱ्या चिपवर चालत असेल, तर कधीकधी ॲपला प्रत उचलता येत नाही आणि त्याच्या हाती रिकामी, म्हणजे काळी चौकट लागते. पडद्यावर मात्र चित्र असतेच, म्हणून सरांना सगळे व्यवस्थित दिसत होते.

हे कधी होई आणि कधी होत नसे, याचे उत्तर चार्जरमध्ये होते. लॅपटॉप बॅटरीवर असला की वीज वाचवण्यासाठी स्वतंत्र चिप बंद राही आणि दोन्ही कामे एकाच चिपवर होत. चार्जर लावला की दुसरी चिप जागी होई. वर्गाच्या सुरुवातीला सर बॅटरीवर असत, म्हणून पहिली दहा मिनिटे चित्र दिसे. मग ते चार्जर लावत आणि पुढच्या वेळी शेअर केले की काळे. आम्ही मात्र पाऊस आणि वीज-इंटरनेट यांना दोष देत बसलो होतो.

विंडोज ११ मध्ये यावरचा उपाय असा आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात डिस्प्ले आणि त्याच्या तळाशी ग्राफिक्स असा पर्याय आहे. तेथील यादीत बैठकीचे ॲप शोधावे; नसेल तर ते जोडावे. त्याच्या ऑप्शन्समध्ये "पॉवर सेव्हिंग" निवडले की ते ॲप प्रोसेसरमधील चिपवरच चालते. बैठक ब्राउझरमधून होत असेल तर बैठकीच्या ॲपऐवजी ब्राउझर जोडावा. जो प्रोग्राम दाखवायचा आहे, आमच्या बाबतीत चित्र उघडणारा प्रोग्राम, त्यालाही हीच निवड द्यावी, म्हणजे दोघे एकाच चिपवर येतात. ही निवड त्या प्रोग्रामला नव्याने सुरू केल्यावरच लागू होते. नुसती खिडकी बंद करून उपयोग नसतो, कारण बैठकीची बरीच ॲप खिडकी बंद केली तरी घड्याळाजवळच्या कोपऱ्यात चालूच राहतात. तिथून त्याला पूर्ण बाहेर काढून मग पुन्हा उघडावे.

एकच चिप असलेल्या संगणकावरही काळे दिसत असेल आणि शेअर करायचा प्रोग्राम ब्राउझर असेल, तर क्रोमच्या सेटिंग्जमधील सिस्टिम या भागातला ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचा पर्याय तात्पुरता बंद करून क्रोम पुन्हा सुरू करून पाहावा. त्याने चित्र दिसू लागले तर दोष ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, असण्याची शक्यता मोठी आहे, आणि खरा उपाय लॅपटॉप-निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घेणे हा आहे. तो घेतल्यावर पर्याय पुन्हा सुरू करावा, कारण तो बंद असताना व्हिडिओ चालवताना प्रोसेसरवर ताण येतो.

मॅकवर लक्षण वेगळे असते आणि ते ओळखायला सोपे आहे. समोरच्यांना डेस्कटॉपचे वॉलपेपर दिसते, पण त्यावरच्या तुमच्या खिडक्या दिसत नाहीत. अशा वेळी अनेक जण म्हणतात, "तुम्ही अजून काही उघडलंच नाहीये." खरे कारण परवानगीचे असते. २०१९ साली आलेल्या मॅकओएस कॅटालिनापासून कोणत्याही ॲपला दुसऱ्या ॲपच्या खिडकीची प्रत घ्यायची असेल तर वापरकर्त्याची स्पष्ट परवानगी लागते. सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात स्क्रीन रेकॉर्डिंगच्या नावाने असलेला भाग उघडून बैठकीच्या ॲपसमोरचे बटण सुरू करावे आणि ते ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे. म्हणून मॅक वापरणाऱ्याने ही परवानगी बैठकीच्या आदल्या दिवशीच देऊन ठेवावी. ऐन सभेत दिली तर सभेतून बाहेर पडावे लागते, आणि होस्ट, म्हणजे बैठक चालवणारे, तेच असतील तर सगळ्यांचाच खोळंबा होतो. बटण सुरू दिसत असूनही खिडक्या दिसत नसतील तर यादीतून ते ॲप वजा चिन्हाने काढून पुन्हा जोडावे. ॲपची नवी आवृत्ती आल्यावर जुनी नोंद कधीकधी निरुपयोगी होते. २०२४ च्या सिकोया या आवृत्तीपासून अशी परवानगी काही ॲपसाठी दर महिन्याला पुन्हा विचारली जाते. तेव्हा "गेल्या महिन्यात तर चालत होतं" हे मॅकवर अगदी शक्य आहे.

लिनक्स वापरणाऱ्यांना थोडक्यात सांगते. उबुंटूमध्ये २०२१ च्या २१.०४ आवृत्तीपासून वेलँड ही पडद्यावर चित्र मांडणारी व्यवस्था मूळ निवड आहे आणि वेलँडमध्ये एका प्रोग्रामला दुसऱ्याचा पडदा परस्पर पाहता येत नाही. मध्ये पाइपवायर आणि डेस्कटॉप पोर्टल अशी व्यवस्था असते, जी तुम्हाला "कोणती खिडकी द्यायची?" असे विचारते. ती विचारणाच येत नसेल तर तुमच्या डेस्कटॉपसाठीचे पोर्टलचे पॅकेज बसवले आहे का ते पाहावे. जुन्या ॲपला वेलँड समजतच नसेल तर त्याऐवजी बैठक ब्राउझरमध्ये उघडावी. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्हींना ही व्यवस्था येते. ज्या आवृत्तीत लॉगिनच्या वेळी दातेरी चाकाच्या चिन्हातून झॉर्ग ही वेलँडआधीची जुनी व्यवस्था निवडता येते, तिथे तोही मार्ग आहे.

काळ्या पडद्याचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात कोणताही दोष नसतो. सशुल्क चित्रपट-मालिकांच्या सेवा आपल्या व्हिडिओला संरक्षण देतात आणि त्यामुळे शेअर करताना बाकी पान दिसते, पण व्हिडिओच्या जागी काळी चौकट येते. मोबाइलवर बँकेची आणि पैसे पाठवण्याची अनेक ॲपही अशीच काळी दिसतात. ॲप बनवणाऱ्याने तसे मुद्दाम केलेले असते. तेथे काहीही दुरुस्त करायला जाऊ नये.

दिसते, पण वाचता येत नाही

आमच्या वर्गाला सर्वात जास्त त्रास याचा झाला, आणि यावर मी सर्वात जास्त वेळ दिला. मोडीत लिहिणाऱ्याने आधी सबंध ओळभर शिरोरेषा आखलेली असते आणि मग हात फारसा न उचलता अक्षरे लिहिलेली असतात. एका लहानशा गाठीने किंवा शेपटीच्या वळणाने अक्षर बदलते. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद मोडीत नसल्यामुळे वाचणाऱ्याला संदर्भावर आधीच पुष्कळ भिस्त ठेवावी लागते. त्यात गाठच पुसली गेली तर वाचन अंदाजावर जाते. न्यू जर्सीच्या ताईंनी एकदा एक शब्द तीन वेळा चुकीचा वाचला. सरांना आश्चर्य वाटले, कारण त्या वर्गातल्या सर्वात चांगल्या वाचक. मी माझ्या मोबाइलवर तीच ओळ पाहिली तेव्हा कळले की अक्षराची गाठ तिथे राखाडी ठिपका होऊन बसली होती.

धूसरपणाची पहिली बाजू आकाराची आहे. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात, म्हणजे १९२० गुणिले १०८० च्या साध्या पडद्याच्या चौपट. अशा पडद्याची संपूर्ण स्क्रीन शेअर केली आणि पाहणाऱ्याचा लॅपटॉप १३६६ गुणिले ७६८ चा असला, तर तुमच्या प्रत्येक अक्षराला मुळातल्या जागेच्या सुमारे आठव्या हिश्शात बसावे लागते. म्हणून संपूर्ण स्क्रीनऐवजी एकच खिडकी शेअर करावी, ती खिडकी फार रुंद न ठेवता मध्यम आकाराची करावी, आणि तिच्या आत कागद मोठा करावा. एका वेळी संपूर्ण पान दाखवण्याचा मोह सोडावा. आम्ही आता एका वेळी पाचच ओळी दाखवतो. विंडोजमध्ये डिस्प्लेचा स्केल १५० टक्के करणे किंवा शेअर करताना रिझोल्यूशन तात्पुरते १९२० गुणिले १०८० वर आणणे हाही मार्ग आहे, विशेषतः ज्यांना हिशेबाची मोठी पत्रके दाखवायची असतात त्यांच्यासाठी.

दुसरी बाजू पाठवण्याच्या पद्धतीची आहे. स्थिर मजकूर दाखवताना ॲप सेकंदाला मोजक्याच चौकटी (फ्रेम) पाठवते, पण त्या स्वच्छ पाठवते. हलता व्हिडिओ दाखवताना चौकटी जास्त आणि स्पष्टता कमी असा सौदा असतो. झूममध्ये शेअर करण्याच्या खिडकीत "ऑप्टिमाइझ फॉर व्हिडिओ क्लिप" अशी खूण आहे आणि टीम्समध्येही व्हिडिओसाठीचा असाच पर्याय आहे. व्हिडिओ दाखवून झाल्यावर ती खूण काढायची राहिली की पुढचा सगळा मजकूर धूसर जातो. स्थिर कागद दाखवतानाही पान भरभर वरखाली केले की मध्येच चित्र फुटते आणि थांबल्यावर एक-दोन सेकंदांनी स्वच्छ होते. सरांना मी एवढेच सांगितले की ओळ सरकवल्यावर तीनपर्यंत मोजून मग वाचायला सुरुवात करा. त्याचा फरक सर्वांना पहिल्याच वर्गात जाणवला.

तिसरी बाजू जोडणीची. इंटरनेटच्या जाहिरातीत सांगितला जाणारा वेग बहुधा उतरवून घेण्याचा असतो. शेअर करणाऱ्याला लागतो तो वर पाठवण्याचा वेग, आणि तो वेगळा मोजून पाहावा लागतो. तरीही नुसत्या स्क्रीनला फार काही लागत नाही. झूमने दिलेल्या आकड्यांनुसार केवळ स्क्रीन शेअर करायला सेकंदाला ५० ते ७५ किलोबिट पुरतात. तुमच्या चेहऱ्याचा कॅमेरा त्याच्या कितीतरी पट जास्त घेतो. म्हणून चित्र अडखळू लागले की पहिल्यांदा स्वतःचा कॅमेरा बंद करावा. त्यानंतर त्याच घरात चालू असलेले फोटोंचे बॅकअप आणि मोठ्या फायली वर पाठवण्याचे काम थांबवावे, कारण वाट तीच असते. त्यानेही भागले नाही तर राउटरपासून लॅपटॉपपर्यंत केबल टाकावी. दोन भिंतींपलीकडच्या वायफायवर महत्त्वाची सभा घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. केबलला शे-दोनशे रुपये पडतात आणि ती वर्षानुवर्षे टिकते.

पाहणाऱ्याच्या बाजूलाही एक गोष्ट तपासावी. बैठकीची ॲप शेअर केलेले चित्र पाहणाऱ्याच्या खिडकीत मावेल असे लहान करून दाखवतात. झूममध्ये पाहणाऱ्याला व्ह्यू ऑप्शन्समधून मूळ आकार निवडता येतो, आणि मोबाइलवर दोन बोटांनी चित्र मोठे करता येते. हे माहीत नसल्यामुळे आमच्या नागपूरच्या काकांनी चार महिने टपाल तिकिटाएवढ्या चौकटीत मोडी वाचली, आणि वयामुळे दिसत नसेल असे समजून तक्रारही केली नाही. म्हणून तक्रार आली नाही तरी नव्या माणसाला हे आपणहून सांगावे.

आणि जेथे अक्षर न् अक्षर महत्त्वाचे आहे तेथे कागदाची मूळ फाइल सभेच्या आधीच सर्वांना पाठवावी. प्रत्येकाने ती आपल्याकडे उघडावी, आणि शेअर केलेल्या स्क्रीनचा उपयोग आपण कोणत्या ओळीवर आहोत हे दाखवण्यापुरता करावा. विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंग्जमधून माउसचा बाण मोठा आणि रंगीत करून ठेवला तर लहान पडद्यावरही तो हरवत नाही.

भलतेच दिसते

संपूर्ण स्क्रीन, एक खिडकी आणि ब्राउझरचा एक टॅब या तीन निवडी वेगवेगळ्या आहेत, आणि बरेचसे घोटाळे त्यांतला भेद न जाणल्याने होतात. एक खिडकी शेअर केली की त्या प्रोग्रामने उघडलेल्या इतर खिडक्या समोरच्यांना दिसत नाहीत. पुष्कळ प्रोग्राममध्ये "फाइल निवडा" अशी चौकट किंवा खाली उघडणारी यादी ही तांत्रिकदृष्ट्या वेगळीच खिडकी असते. त्यामुळे तुम्ही "इथे क्लिक करा" म्हणता आणि समोरच्यांना ते "इथे" दिसतच नाही. एखादा प्रोग्राम कसा वापरायचा हे शिकवायचे असेल तर संपूर्ण स्क्रीन शेअर करणेच योग्य. शेअर केलेली खिडकी मिनिमाइझ केली की समोर शेवटचे चित्र गोठून राहते किंवा शेअरिंग थांबल्याची सूचना येते. ती खिडकी मागे गेली तर चालते, खाली मिटवू नये. एक टॅब शेअर केला असताना दुसऱ्या टॅबवर गेलात तरी समोर पहिलाच टॅब दिसत राहतो. क्रोम अशा वेळी वर पट्टीत त्याऐवजी हा टॅब शेअर करण्याचे बटण देते, ते दाबावे.

पॉवरपॉइंटचा प्रकार याच जातीचा आहे. तुम्ही पॉवरपॉइंटची खिडकी शेअर करता, मग स्लाइड शो सुरू करता, तुमच्याकडे पूर्ण पडदाभर स्लाइड येते, आणि समोरचे मात्र पहिलीच संपादनाची खिडकी पाहत राहतात, कारण स्लाइड शो ही नवी खिडकी असते. आधी स्लाइड शो सुरू करून मग ऑल्ट आणि टॅबने बैठकीत परत यावे आणि स्लाइड शोची खिडकी निवडावी, किंवा संपूर्ण स्क्रीन शेअर करावी. ज्यांच्याकडे एकच पडदा आहे त्यांच्यासाठी मला तिसरा मार्ग सर्वात सोयीचा वाटतो: सेट अप स्लाइड शोमध्ये एका व्यक्तीने खिडकीत पाहण्याचा जो पर्याय आहे तो निवडावा, म्हणजे स्लाइड शो पूर्ण पडदा न व्यापता साध्या खिडकीत चालतो आणि बाजूला बैठकही दिसत राहते. दोन पडदे असतील आणि समोरच्यांना तुमची टिपणे दिसत असतील, तर प्रेझेंटर व्ह्यू चुकीच्या पडद्यावर गेला आहे. तो बंद करावा किंवा पडद्यांची अदलाबदल करावी.

संपूर्ण स्क्रीन शेअर करताना येणारे संदेशही सगळ्यांना दिसतात. विंडोजमधील डू नॉट डिस्टर्ब किंवा मॅकमधील फोकस आधीच सुरू करावे आणि ब्राउझरमधले व्हॉट्सॲपचे टॅब बंद करावेत. झूममध्ये विंडोजवर ऑल्ट आणि टी दाबले की शेअरिंग थोडा वेळ थांबते: समोर शेवटचे चित्र राहते आणि तुम्हाला दुसरे काही निवांत शोधता येते. ही कळ लक्षात ठेवण्याजोगी आहे.

चित्र आहे, आवाज नाही

स्क्रीन शेअर करताना संगणकातला आवाज आपोआप जात नाही. त्यासाठी वेगळी खूण करावी लागते. झूममध्ये शेअर करण्याच्या खिडकीत तळाशी "शेअर साउंड", टीम्समध्ये शेअरच्या फलकावर आवाज सामील करण्याचे बटण, आणि क्रोममधून गूगल मीट वापरताना टॅब शेअर करून त्याच चौकटीतले टॅबचा आवाज देण्याचे बटण, अशा त्या जागा आहेत. मीटमध्ये आवाजासाठी टॅब शेअर करणे हाच भरवशाचा मार्ग आहे. ही खूण न करता स्पीकरचा आवाज मायक्रोफोनने पकडला जाईल अशी आशा ठेवली तर ॲपमधील गोंगाट कमी करणारी व्यवस्था तबला आणि तंबोरा यांनाच गोंगाट समजून कापून टाकते. अभंगांच्या वर्गात "मध्येच आवाज जातो" ही तक्रार असते तिचे कारण अनेकदा हे असते.

शेअरचे बटणच चालत नाही

येथे संगणक तपासू नये, होस्टला विचारावे. टाळेबंदीच्या काळात अनोळखी लोक सभांमध्ये घुसून नको ते दाखवू लागले, तेव्हा मार्च २०२० मध्ये झूमने शिक्षणसंस्थांच्या खात्यांवर स्क्रीन शेअर करण्याचा अधिकार मुळात फक्त होस्टकडे ठेवला. मीटमध्ये होस्ट हा अधिकार बंद-चालू करू शकतो, आणि टीम्समध्ये तुम्ही "अटेंडी" असाल तर तुम्हाला "प्रेझेंटर" करावे लागते. हा बंदोबस्त सर्वांच्या हिताचा आहे. सभेत ज्यांना काही दाखवायचे आहे त्यांची नावे आधी घेऊन त्यांना तेवढ्यापुरता अधिकार द्यावा; सरसकट सर्वांना देऊ नये.

मोबाइलवरून शेअर करायचे असेल तर

मोबाइलच्या ब्राउझरमधून स्क्रीन शेअर होत नाही. त्यासाठी बैठकीचे ॲपच लागते. अँड्रॉइड आधी परवानगी विचारतो आणि शेअरिंग चालू असल्याची खूण वरच्या पट्टीत ठेवतो. आयफोनवर ब्रॉडकास्ट सुरू करण्याची चौकट येते आणि तीन सेकंदांची उलटी मोजणी होते. त्यानंतर जे उघडाल ते सर्व समोर दिसते, बँकेचा ओटीपी वरून सरकत आला तर तोही दिसू शकतो. म्हणून शेअर करण्यापूर्वी डू नॉट डिस्टर्ब सुरू करणे मोबाइलवर अत्यावश्यक आहे. आणि आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना एक गोष्ट निक्षून सांगावी: फोनवरच्या अनोळखी माणसाने, मग तो बँकेचे नाव सांगो वा पोलिसांचे, स्क्रीन शेअर करायला सांगितले तर फोन ठेवून द्यायचा.

मदत मागताना

एवढे करूनही अडचण राहिली तर माहितगाराला "शेअर होत नाही" एवढेच कळवल्याने त्याला पहिल्यापासून सर्व प्रश्न विचारावे लागतात. संगणक कोणता, बैठक ॲपमधून की ब्राउझरमधून, काय शेअर केले, मोबाइलवरून पाहिल्यावर नेमके काय दिसले, आणि कधी चालते व कधी नाही, या पाच गोष्टी लिहाव्यात आणि मोबाइलवर दिसलेल्या चित्राचा स्क्रीनशॉट जोडावा. सरांनी मला शेवटी जो संदेश पाठवला तो असा होता: "विंडोज ११, ॲपमधून. चित्राची खिडकी शेअर केली. माझ्या मोबाइलवर काळी चौकट दिसते, पण माउसचा बाण दिसतो. आज बॅटरीवर होतो तेव्हा दिसत होतं, चार्जर लावल्यावर गेलं." त्यातले शेवटचे वाक्य वाचताच मी ग्राफिक्सचे सेटिंग उघडायला सांगितले, आणि त्या शनिवारपासून वर्ग वेळेवर सुरू होतो.